हातात एक इंच, चाकावर दोन इंच, टपावर परत एक इंच

आमच्या गाडीच्या शेडच्या तोंडाला एक आडवा जीआय पाईप आहे. बाबांनी शेड घातली तेव्हा घरात जीप होती त्यामुळे पाईप किती उंच घ्यायचा याचा विचार कोणी फार केला नव्हता. जमिनीपासून बरोबर १९५० एमएम. आता तिथे टोयोटाची हायलक्स पिकअप उभी राहते आणि तिच्या टपावर शिडी बांधायला कॅरिअरचे दोन बार आहेत, वरच्या बारापर्यंत उंची १९०८ एमएम, म्हणजे मधे जागा उरते ४२ एमएमची, चार बोटंही बसणार नाहीत एवढी. रोज आत घालताना मला काही वाटायचं नाही कारण सवय झाली होती. पण पुढची बाजू दोन इंच उचलून लेव्हलिंग करायचं ठरवलं तेव्हा बाबा पहिलं वाक्य हेच बोलले, दोन इंच गाडी वर जाणार, पाईप तिथंच राहणार, मग गाडी काय अंगणात ठेवणार गो?

दोन इंच म्हणजे ५० एमएम आणि जागा ४२. हिशेब सरळ होता, बाबांचं चुकत नव्हतं. मीही दोन दिवस तसंच धरून चालले होते.

आधी लेव्हलिंग कशाला ते सांगते. पिकअप कुठलीही घ्या, रिकामी उभी असली की मागून थोडी उंच दिसते, नाक खाली आणि शेपूट वर. हा दोष नाही, कंपनी मुद्दाम तशी ठेवते, कारण मागे माल भरला की पाटे (मागच्या चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) दबतात आणि गाडी सरळ होते. आमची वर्षातले बरेच दिवस रिकामी किंवा अर्धवट भरलेली फिरते, आणि गोव्यात सावईवेऱ्याच्या बाजूला आमचं कुळागर (पोफळी-नारळाची बाग) आहे तिथे जायच्या वाटेत एक व्हाळ, म्हणजे ओढा लागतो, पाऊस संपल्यावर त्यातले धोंडे दर वर्षी नव्या जागी येऊन बसलेले असतात. इंजिनखालचा पत्रा दोनदा घासला. पुढून थोडी उचलली तर बरं एवढाच माझा विचार होता, गाडी रुबाबदार दिसावी वगैरे नाही (दिसते बरी, तो भाग वेगळा).

माझी गाडी मुळात किती कललेली आहे ते मी स्वतः मोजलं. खूप लोक पुढच्या आणि मागच्या मडगार्डची कमान जमिनीपासून मोजतात आणि वजाबाकी करतात. ते फसवं आहे, दोन्ही कमानी कंपनीने एकाच उंचीवर कापलेल्या असतातच असं नाही. मी दाराखालच्या सरळ पट्ट्याला दीड मीटरची अल्युमिनियमची पट्टी धरली आणि तिच्यावर लेव्हल ठेवली, दीड मीटरमध्ये २६ एमएम नाक खाली होतं. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, म्हणजे हायलक्सच्या ३०८५ एमएम व्हीलबेसला तेच प्रमाण लावलं तर साधारण ५३-५४ एमएम. म्हणजे दोन इंच उचलली की गाडी जवळजवळ सपाट.

आता मुख्य गोष्ट. कुळागरात साकवासाठी, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलासाठी, पोफळीचा ओंडका उचलताना बघितलंय का कधी? बुडाकडचं टोक जमिनीवर टेकलेलं असतं आणि माणूस शेंड्याकडून उचलतो. शेंडा दोन फूट वर आला तर ओंडक्याचा मधला भाग एकच फूट वर येतो आणि बुडाजवळचा तर वीतभर पण नाही. गाडीचं अगदी हेच होतं. मागचं चाक जागेवर आहे, मागच्या पाट्यांना हात लावलेला नाही, फक्त पुढून उचललंय. तर मग टप सगळाच्या सगळा दोन इंच कसा वर जाईल? टप काही पुढच्या चाकाच्या डोक्यावर नसतो, डबल कॅबमध्ये (सीटांच्या दोन रांगा असलेल्या पिकअपमध्ये) तो पुढच्या-मागच्या चाकांच्या साधारण मधे असतो.

हिशेब एका ओळीचा आहे. जो पॉइंट बघायचाय तो मागच्या ॲक्सलपासून किती पुढे आहे ते मोजा, त्याला व्हीलबेसने भागा, आणि पुढून जेवढं उचललं त्याने गुणा. माझ्या कॅरिअरचा पुढचा बार मागच्या ॲक्सलच्या १५८५ एमएम पुढे आहे (ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खूण केली आणि टेपने मोजलं, गाडीवरून आडवी टेप धरून मोजलं तर चुकतं). १५८५ भागिले ३०८५ म्हणजे अर्ध्याहून किंचित जास्त, गुणिले ५०, उत्तर २५.७. मागचा बार आणखी मागे आहे, तो १३-१४ एमएमच वर जाणार. म्हणजे ५० चा लेव्हलिंग किट लावून गाडीची एकूण उंची वाढणार २६, आणि पाईपखाली माझ्याकडे १६ उरणार. बाबांना कागदावर ओंडका काढून दाखवला तेव्हा ते एवढंच म्हणाले की आधी लाव आणि मग बोल.

इथे अजून एक गोंधळ आहे जो मला गॅरेजमध्ये समजला. फोंड्याच्या बाहेर एका गॅरेजात काम करायचं ठरलं होतं, मेकॅनिकने स्पेसर (पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या डोक्यावर बसवायच्या जाड चकत्या) माझ्या हातात दिले तर ते इंचभरच जाड. मी म्हटलं अहो मी दोन इंचाचे सांगितले होते. तो म्हणाला ताई हे दोन इंचाचेच, शॉक चाकाच्या वर नाही बसत, चाक धरून ठेवणारा जो खालचा आर्म असतो त्याच्या साधारण मधे बसतो. त्याने हात लावून दाखवलं, आर्म चेसिसकडे बिजागरीसारखा फिरतो, चाक बाहेरच्या टोकाला, शॉक मधे. त्यामुळे शॉकच्या डोक्यावर एक इंच वाढवला की चाकाकडे साधारण दोन इंच मिळतात. परत ओंडकाच, फक्त आडवा. हातात एक इंच, चाकावर दोन, आणि टपावर जाऊन परत एक. हे डोक्यात नीट बसलं की ऑनलाइन जो वाद चालतो ना, कोण म्हणतं दोन इंच वाढली कोण म्हणतं एकच, तो मिटतो, कारण बहुतेक वेळा दोघं वेगवेगळ्या जागी टेप लावून बरोबरच सांगत असतात. एक मात्र विचारून घ्या, किटवर लिहिलेला आकडा स्पेसरच्या जाडीचा आहे की चाकाकडे मिळणाऱ्या उंचीचा. स्पेसर दोन इंच जाड समजून लावला तर पुढून चार इंच उचललं जाईल आणि मग ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट आणि बॉल जॉइंट फार दिवस टिकणार नाहीत.

काम झालं, गाडी जॅकवरून खाली आली, मी लगेच टेप लावली आणि पोटात गोळा आला. पुढची कमान ६३ एमएम वर. ६३ धरलं तर बार ३२ ने वर जाणार, पाईपखाली १० उरणार. मेकॅनिक शांतपणे म्हणाला आत्ता मोजू नका, एक चक्कर मारून या. गाडी जॅकवर लटकते तेव्हा पुढची चाकं खाली जाताना थोडी आत ओढली जातात, आणि खाली सोडली की टायर जमिनीला धरून बसतात, बाहेर सरकू शकत नाहीत, त्यामुळे सस्पेन्शन पूर्ण बसत नाही. चाकं फिरली की मगच ती आपल्या जागेवर येतात. मी नाक्यापर्यंत जाऊन आले, दोन स्पीड ब्रेकर लागले, परत मोजलं तर ५१. आठवड्याने ५०. तेव्हा कोणी जॅकवरून उतरल्या उतरल्या मोजलेला आकडा सांगितला तर त्यावर काही ठरवू नका.

मग घरी आल्यावरची खरी मोजणी. टपाची उंची टेपने नीट मोजता येत नाही, टेप वाकते, आणि बार गाडीच्या मधे असल्यामुळे वरून खाली सरळ धरायला जागाच नसते. शेजारी घराचं काम चाललं होतं तिथल्या गवंडीकाकांकडून लेव्हलची नळी आणली, ती पारदर्शक लांब नळी असते ना, पाणी भरलेली. एक टोक कॅरिअरच्या बाराला लावून मी वर, दुसरं टोक शेडच्या खांबाला धरून बाबा खाली. नळीत एक बुडबुडा होता तर पाणी दोनदा भलतीकडेच थांबलं, बाबांनी नळी हातावर घेऊन बोटाने टिचक्या मारत मारत तो बुडबुडा वर आणला आणि बाहेर काढला, मग पाणी दोन्हीकडे हळूहळू डोलत स्थिर झालं. बाबांनी खांबावर पेन्सिलने रेघ मारली. खाली लेव्हलिंगच्या आधीची रेघ होतीच, १९०८ ची. दोन्ही रेघांमध्ये टेप धरली. २५ एमएम.

१९३३. पाईपखाली १७.

बाबा काही बोलले नाहीत, त्यांनी रेघेच्या बाजूला तारीख लिहिली. मी गाडी आत घातली आणि ते पाईपखाली वर बघत उभे होते.

हे सगळं गाडी रिकामी असतानाचं आहे आणि मोजायचं पण रिकामी असतानाच, कारण उंचीच्या दृष्टीने तीच सगळ्यात वाईट अवस्था. माल भरला की मागचे पाटे दबतात आणि तोच ओंडका उलटा चालतो, मागून ६० एमएम दबली तर माझा बार तिशीच्या आसपास खाली येतो. म्हणजे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला नारळ भरून निघताना पाईपची चिंता नाही, माल उतरवून रिकामी परत येताना आहे. कंपनी ब्रोशरमध्ये उंची देते (हायलक्सची १८१५) ती पण रिकाम्या गाडीची.

आणि प्रत्येकाच्या गाडीचा सगळ्यात उंच पॉइंट वेगळा असतो हे विसरू नका. नुसता टप असेल, कॅरिअर नसेल, तर उंच जागा जरा मागे, दोन सीटांच्या मधल्या खांबाच्या आसपास येते, तिथे ५० च्या किटने २२-२३ वाढतील. विंडशील्डच्या वरच्या कडेला ३० च्या आसपास. मागच्या हौद्यावर कॅनोपी (बंद छत) असेल किंवा उंच जाळी लावली असेल आणि तीच सगळ्यात उंच असेल, तर ती मागच्या ॲक्सलच्या डोक्यावरच येते, मग तुमची एकूण उंची जवळजवळ वाढणारच नाही. ज्यांनी मागे उंच रॅक लावलाय आणि बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये जायला घाबरतात त्यांनी पुढच्या लेव्हलिंगला घाबरायचं कारण नाही, त्यांनी पाट्यांखाली ब्लॉक घालून मागची बाजू उचलण्याला घाबरावं. उलट काही जण पुढे हात न लावता मागून खाली आणून लेव्हल करतात, त्यांची एकूण उंची कमीच होते, पण मग माल भरल्यावर गाडी शेपटीवर बसते, त्यामुळे माल वाहणाऱ्याने तो मार्ग धरू नये असं माझं मत.

एक गोष्ट मला आधी कोणीच सांगितली नव्हती. पुढून उचललं की मागच्या ॲक्सलच्या मागचा भाग खाली जातो. माझ्या गाडीत मागचा बंपर ॲक्सलच्या सव्वा मीटर मागे आहे, तो २० एमएम खाली आला. कागदावर काही वाटत नाही. पण ओहोटीच्या वेळी फेरीबोटीतून उतरताना रॅम्पचा कोन बदलतो तिथे मागचा हुक घासला, तो आधी कधी घासला नव्हता. म्हणजे व्हाळातल्या धोंड्यापासून नाक वाचवलं आणि थोडं शेपटीने भरलं. आणि ग्राउंड क्लिअरन्स वाढला असं सांगत फिरू नका, पिकअपमध्ये सगळ्यात खाली असतो मागचा डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या गिअरचा गोळा, तो ॲक्सलबरोबरच असतो, स्पेसरने तो एक केसभर पण वर येत नाही. इंजिनखाली जागा वाढते, ती मला हवी होती, ती मिळाली.

हेडलाइटचं मात्र मनावर घ्या. गाडी ५० ने सरळ झाली म्हणजे कोन जवळजवळ एक डिग्रीने बदलला, २५ मीटरवर प्रकाश ४० सेंटीमीटर वर जातो. तो समोरच्या स्कूटरवाल्याच्या थेट डोळ्यात. पहिल्याच रात्री बाणस्तारीच्या बाजूने येताना समोरून येणारे लोक सारखे डिपर मारत होते, मला वाटलं माझा हायबीम राहिलाय, तर नाही, लो बीमच होता. दुसऱ्या दिवशी पहिलं काम भिंतीसमोर गाडी लावून दिवे खाली करून घेतले आणि त्याच फेरीत व्हील अलाइनमेंट, कारण आर्मचा कोन बदलला की कॅम्बर, कास्टर, टो हे चाकांचे कोन सगळे हलतात आणि टायर एका बाजूने खायला लागतात. आपल्याकडे रात्री अरुंद रस्त्यावर, वळणावळणाला, दोन्ही बाजूंनी झाडं, पायी चालणारी माणसं, तिथे समोरच्याला दिसेनासं करणं हा गुन्हाच आहे असं मला वाटतं, किट बसवणाऱ्याने दिवे खाली करून दिल्याशिवाय गाडी बाहेर सोडूच नये.

आणि कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरची माहिती आणि कंपनीने दिलेला मूळ तपशील यात फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. तेव्हा बसवायच्या आधी आरटीओत आणि इन्शुरन्सवाल्याला विचारा, बसवल्यावर नाही.

परत करायची वेळ आली तर मी ५० लावणार नाही, ३५ लावीन. गाडी दिसायला जवळपास तेवढीच सरळ दिसेल, टपावर १८ वाढतील, आणि मागची बाजू १५-२० एमएम उंच राहील जी माल भरल्यावर कामाला येते. आत्ता पूर्ण सपाट केल्यामुळे नारळाची पोती जास्त झाली की नाक वर जातं. मी आता जड पोती हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकवून रचते, मागच्या फाळक्याकडे फक्त हलकं सामान, त्याने बराच फरक पडला. स्पीड ब्रेकरवरून उतरताना पुढून कधी कधी टक असा आवाज येतो तो पण या ५० चाच, शॉक मुळातच जास्त ताणलेला आहे म्हणून खाली जायला त्याला वाव कमी उरलाय. ३५ मध्ये हे कमी झालं असतं.

आता टायर बदलायला आलेत. सध्याची साइज २६५/६५ आर१७, दुकानदार म्हणतो ताई २६५/७० घाला, व्हाळातून जाता ना. मन झालं होतं, कारण डिफरन्शियलचा गोळा वर आणायचा खरा उपाय टायरच, पण टायरचं गणित ओंडक्यासारखं नाही, टायर चारही चाकांना लागतो त्यामुळे जेवढी त्रिज्या वाढेल तेवढी अख्खी गाडी वर जाते, पुढून मागून टपावर सगळीकडे सारखी. ६५ चा व्यास ७७६, ७० चा ८०३, फरकाचं अर्धं म्हणजे १३ एमएम. खांबावरच्या रेघेवर १३ चढवले तर पाईपखाली उरतात ४. चार एमएममध्ये रोज संध्याकाळी गाडी आत घालायची म्हणजे टायरमध्ये हवा दोन पॉइंट जास्त भरली तरी धास्ती.

बाबा म्हणतात पाईपच कापूया, आधी वर नवीन पाईप घालून पत्र्याचा भार त्यावर घ्यायचा आणि मग जुना काढायचा. वेल्डर दसऱ्यानंतर येतो म्हणालाय. टायर तोवर थांबणार नाहीत, म्हणून ६५ चेच सांगून आले.